इस्माईल होडेकर मेला ते साल

सिराज खलफेबरोबर मी एका खोलीत तेरा वर्षं काढली आणि त्यातली निदान दहा त्याच्या आजोबाने खाल्ली. आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांच्यात नाना म्हणतात. इस्माईल होडेकर. हा माणूस मी पाहिला नव्हता, सिराजने पाहिला नव्हता, सिराजच्या आईनेसुद्धा पाहिला नव्हता. तरी खोलीत खाटा दोन आणि राहणारी माणसं तीन, असंच मला कायम वाटायचं.

मी जनार्दन. मस्कतच्या रुवीत टायपिंगचं दुकान चालवायचो. दुकान अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, खुर्ची माझी. लोकांचे व्हिसाचे, लेबर कार्डाचे फॉर्म अरबीत भरून द्यायचे. जुन्या कागदांवर हिजरी तारखा असायच्या, त्या इंग्रजी करून द्यायच्या, हेही काम माझंच, आणि ते मला झोपेत उठवून विचारलं तरी जमतं. सिराज तिथून जवळच एका स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरला होता. गिऱ्हाइकाने गाडीचं नाव घेतलं की हा वर न बघता बरोबर खण उघडायचा. आम्ही दोघेही दाभोळच्या खाडीचे. तो अलीकडच्या मोहल्ल्यातला, मी पलीकडच्या काठाचा. गावात राहिलो असतो तर होडीत एका फळीवर बसण्यापलीकडे ओळख गेली नसती. इथे एका स्टोव्हवर दोघांचं शिजत होतं.

माणूस म्हणून सिराजमध्ये खोड काढायला जागा नव्हती, हाच त्याचा वैताग. भांडायचा नाही, घोरायचा नाही, सिगारेट नाही. बायको झरीन गावाला, दोन मुली गावाला. सुरुवातीला मुली फोनवर "बा, कधी येणार?" विचारायच्या. पुढे विचारेनाशा झाल्या. शुक्रवारी दुपारी रुवीत अख्खी दुनिया रस्त्यावर उतरायची, आणि हा नमाज पढून आला की खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी म्हणायचो, "अरे मेल्या, चल कॉर्निशवर, वारा तरी खा." तो म्हणायचा, "तू जा." एकदा असाच पडल्या पडल्या म्हणाला, "जनार्दन, ह्या सगळ्या मुलखात माझ्या रक्ताचं एकच माणूस आहे, आणि ते जमिनीखाली आहे. कुठे, तेही माहीत नाही."

"मग मी कोण? दगड?" मी म्हटलं.

"तू आहेस रे. पण तू रक्ताचा नाहीस."

मला राग आला आणि वाईटही वाटलं. कारण खरंच होतं ते.

नानाची गोष्ट अशी. एकोणीसशे चाळीस साली, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला झाला तशी मोहल्ल्यातली एक फत्तेमारी कौलं आणि लाकूड भरून सूरला गेली. सूर म्हणजे ओमानचं गलबतांचं बंदर. इस्माईल होडेकर तिच्यावर खलासी होता. बायको सात महिन्यांची पोटुशी. चैत्रात फत्तेमारी खजूर भरून परत आली, इस्माईल आला नाही. तांडेलाने सांगितलं, पोरगा तापाने फणफणला होता, सूरला मशिदीत ठेवून आलो, पुढच्या फेरीला येईल. पुढची फेरी आली, तिच्या पुढची आली. लढाईचे दिवस होते, गलबतं कमी झाली. इस्माईल आलाच नाही. मेला म्हणावं तर खबर नाही, जिवंत म्हणावं तर चिठ्ठी नाही. त्याची बायको नवऱ्यामागची इद्दत, म्हणजे विधवेचे सुतकाचे दिवस, तेसुद्धा पाळू शकली नाही. कुठल्या दिवसापासून धरणार? मरेपर्यंत हातात बांगड्या तशाच ठेवल्यान् आणि मान खाली घालून जगली.

मान खाली का, तर गावाने आपला निकाल कधीच लावला होता. सूरला दुसरं घर केलंन्, बायको टाकलीन्. मोहल्ल्यात बिलकीस म्हणून एक बाई होती, तोंडाची भारी फाटकी. सिराजच्या आईच्या, खुदेजाच्या लग्नात ती भर मांडवात म्हणाली होती, "बापाने टाकलेली पोर ही, हिला एवढी हळद कशाला फासताय?" खोटं कशाला बोलू, माझ्या आजीनेही पलीकडच्या काठावर बसून हेच म्हटलेलं मला आठवतं. अफवेला खाडी ओलांडायला होडी लागत नाही.

म्हणून सिराज एक्क्याण्णव साली ओमानला निघाला तेव्हा खुदेजाने त्याच्याकडे ब्लँकेट मागितलं नाही की बाम मागितला नाही. ती म्हणाली, "माझा बाप कुठल्या साली मेला तेवढं आण." मी पोटात होते त्या साली मेला असेल तर त्याने आम्हाला टाकलं नाही, असा तिचा सरळ हिशोब होता. त्यानंतर मेला असेल तर काय, हे ती बोलायची नाही. तिला कबर नको होती, माती नको होती. साल हवं होतं.

आता असं साल कुठे मिळणार? त्र्याण्णवच्या डिसेंबरात इथे जनगणना झाली. हातात फॉर्म घेऊन एक ओमानी तरुण आमच्या खोलीत आला. सिराजने मला कधी विचारून साखर घातली नाही, त्याला तीन चमचे घालून चहा दिला आणि विचारलं, चाळीस सालची जनगणना कुठे बघायला मिळेल? तो हसला, पण चांगलं हसला. म्हणाला, "बाबा, ही पहिलीच. ह्याआधी आम्ही कुणाला मोजलंच नाही." मग त्याने लिहून घेतलं: पुरुष दोन, हिंदी, बायका सोबत नाहीत. तो गेल्यावर सिराज दोन दिवस एकच पालुपद घेऊन बसला होता. "बघ, मला मोजलं. नानाला कुणी मोजलंच नाही."

मग वकिलात झाली. तिथल्या बाबूने सांगितलं, आमचं दप्तर एवढं जुनं नाही. मग मस्कत-मत्रहमधले म्हातारेकोतारे झाले. शेवटी शहाण्णव साली रमजान ईदेला तो मला घेऊन सूरच्या कबरस्तानात गेला. आमच्याकडे निदान चार कबरींवर तरी नावाची पाटी असते. इथे मैलभर माळ, आणि माळावर नुसते उभे रोवलेले दगड. नाव नाही, साल नाही, कसली म्हणून खूण नाही. शेळ्या घेऊन चाललेल्या एका बलुची म्हाताऱ्याने हात दाखवला: परके लोक तिकडे, समुद्राकडच्या भिंतीलगत.

भिंतीलगतच्या कबरींना दोन-दोन दगड होते, उशाला एक आणि पायथ्याला एक. एकीला मात्र तीन. मधोमध एक जास्तीचा. सिराज तिथेच थबकला. म्हणाला, "हीच. हा जास्तीचा दगड परदेशी खलाशाची खूण म्हणून लावला असणार. कुणी शोधत आलं तर सापडावा." मी मान हलवली. माझं काय जात होतं? त्याने फातिहा पढला, ढसाढसा रडला, आणि येताना मुलाचं लग्न ठरवून आलेल्या बापासारखा खुशीत होता. तिथून पुढे सात वर्षं दर ईदेला हा बसने सूरला जायचा. परत आला की म्हणायचा, "भेटून आलो." मुलींचे मार्क, झरीनचं दुखणं, घराची कौलं काढून स्लॅब घालायची का नको, सगळं त्या तीन दगडांना सांगून यायचा. ते दोन-तीन दिवस चांगला जेवायचा.

पहिल्याच खेपेला त्याने हौसेने आईला फोन केला होता. "आई, नाना सापडला."

"साल?"

"इथे दगडावर साल लिहीत नाहीत."

"मग काय सापडलं तुला? दगड?" म्हातारी फटकळ, फोन ठेवून मोकळी.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात पुन्हा जनगणना आली. या खेपेला मोजणीला आलेला शाळामास्तर नेमका सूरचा निघाला. सिराजची टकळी सुरू झाली. मास्तरने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, बंदराजवळच्या जुन्या मशिदीत एक वही आहे. बंदरात परका माणूस मेला, ज्याचं इथे कुणी नाही किंवा ज्याचा मुलूख दूर आहे, त्याची नोंद तिथला बांग देणारा मुअज्जिन करून ठेवायचा. उद्या कुणी विचारत आलं तर सांगता यावं म्हणून. सिराज त्याच्याकडे बघतच राहिला. सात वर्षं सूरला जाऊन हे त्याला कळलं नाही, कारण त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. बसमधून उतरायचं, तीन दगडांपाशी बसायचं, परतीची बस धरायची. सापडलेल्या माणसाची चौकशी कोण करतो?

जानेवारीत एका शुक्रवारी मी अर्बाबकडून पिकअप मागून घेतली आणि बिदबिद-इब्राच्या रस्त्याने चार तासांत आम्ही सूरला पोचलो. मशीद लहानशी. मुअज्जिन म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी आत जाणार नाही हे त्याला न सांगता समजलं, म्हणून तोच पत्र्याची पेटी घेऊन बाहेर ओट्यावर आला. वही बांधलेलं फडकं सोडता सोडता त्याने विचारलं, इतकी वर्षं फातिहा कुठे पढत होतास? सिराजने कबरस्तानाच्या दिशेने हात केला आणि खूण सांगितली. भिंतीलगत, तीन दगडांची.

म्हाताऱ्याचा हात थांबला. "तीन? वलदी, पोरा, ती बाई आहे."

"कोण बाई?"

"कोण ते अल्लाला ठाऊक. पण दोन दगड पुरुषाला, तीन दगड बाईला. इथे पोरंटोरंसुद्धा सांगतील."

सिराज माझ्याकडे वळला. "सात वर्षं," तो मला म्हणाला. "जनार्दन, सात वर्षं मी एका परक्या बाईला घरातलं सगळं सांगत होतो." करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं आणि मला हसू आवरेना. मग तोही हसायला लागला, आणि हसता हसताच त्याचं रडू झालं. मुअज्जिनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, तिचंही कुणी येत नसेल, तू आलास. वाया काही जात नाही. मग नानाची कबर कोणती, असं विचारल्यावर त्याने नुसता माळाकडे हात फिरवला. दोन दगडांच्या तिथे शेकड्याने होत्या.

राहिली वही. सिराजला अरबी मोडकीतोडकीच बोलता येत असली तरी कुराण वाचायची सवय, अक्षर लागतं. बोट ठेवून ठेवून तो पानं उलटत होता. अर्धा तास गेला असेल. आणि एकदम त्याने माझं मनगट धरलं, दुखेल इतकं. "हे बघ. इस्माईल. हिंदी. खलासी. तापाने मेला. तांडेल ताप म्हणाला होता ना? आणि हे, हे वाच खालचं!" मी वाचलं. वारस: बायको आणि एक मुलगी.

"बायको आणि एक मुलगी!" तो जवळजवळ ओरडलाच. "मरताना त्याने नानीचं सांगितलं रे! मुलगी झाल्याचंही कळलं होतं त्याला. नानीने कुणाहाती तरी निरोप धाडला असणार." त्याने वाकून त्या पानाचा मुका घेतला. डोळ्यातलं पाणी पानावर पडू नये म्हणून वही लांब धरली. "आता साल सांग. मला ते हिजरी आकडे कळत नाहीत. चाळीसच असेल, नाहीतर एक्केचाळीस."

साल कोपऱ्यात होतं. तेराशे सत्तर. आयुष्यभर मी हाच धंदा केला, हजारो लोकांच्या जन्माच्या, लग्नाच्या तारखा इकडच्या तिकडे केल्या. तरी बोटांवर पुन्हा मोजलं. माझा हिशोब चुकावा असं मला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

"सांग ना."

"एक्कावन्न."

"पुन्हा बघ."

"बघितलं रे."

"पुन्हा बघ म्हणतो ना मी!"

मी पुन्हा बघितलं. आमचं मराठीतलं काही मुअज्जिनला कळत नव्हतं. त्याला वाटलं, आम्ही त्या मुलीबद्दल बोलतोय. मदत करावी म्हणून तो बिचारा म्हणाला, "मुलगी ना? वजीरा. इथून दुसऱ्या गल्लीत राहते. चला, घर दाखवतो."

वजीरा साठीची असेल. नवरा वारलेला, दोन मुलगे मस्कतला नोकरीला, मोठं घर आणि त्यात एकटी. मुअज्जिनने दारातच तिला सांगितलं, हा तुझ्या अब्बाच्या हिंदमधल्या मुलीचा मुलगा. ती सिराजकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग पुढे होऊन तिने त्याचा कान धरला. "हा अब्बाचा कान!" सिराजचे कान बाहेर आलेले आहेत, मी त्यावरून त्याची कितीदा तरी टर उडवली होती. त्या दिवशी मला त्या कानांची लाज वाटली.

तिने कहवा दिला, हलवा पुढे केला, मासा-भात खायला घातला. मी अरबीचं हिंदी-मराठी करत मध्ये बसलो होतो. ती सांगत होती, अब्बा लाकडं तासायच्या कामावर होते, थोडं बोलायचे. हिंदमध्ये माझं कुणी नाही, असं म्हणायचे. "माझ्या लग्नात बापाच्या बाजूची चटई रिकामी होती," ती म्हणाली. "बायका कुजबुजत होत्या, हिच्या बापाचं मूळ ना कूळ." तिला त्यांचे मोजकेच शब्द येत होते. रागावले की म्हणायचे, असं सांगून तिने स्वच्छ आमच्या खाडीच्या सुरात म्हटलं, "गप रव!" सूरमधली अरबी बाई, आणि माझ्या आजीचा आवाज!

मग तिने हळूच विचारलं, "तुझ्या आईला अब्बांनी कधी मांडीवर घेतलं होतं का?"

सिराजने मान हलवली. नाही.

"मला घेतलं होतं," वजीरा म्हणाली, आणि चोरी सापडल्यासारखी खाली बघायला लागली.

निघताना ती दारापर्यंत आली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मी तुझी खाला. एक खोली रिकामीच असते. दर जुम्म्याला ये, तिथे रुवीत काय एकटा पडून राहतोस?" सिराज म्हणाला, "येईन, खाला." तेरा वर्षांत मी त्याचा तसा चेहरा बघितला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. चार तासांवर सख्ख्या मावशीसारखी खाला बसली होती, आणि हा भिंतीकडे तोंड करून पडायचा. ओळख पटली म्हणून त्याने माझ्या दुकानाचा नंबर तिला लिहून दिला. खोलीवर फोन नव्हता.

परतीच्या वाटेवर इब्रा आल्यावर तो म्हणाला, "तापातून उठला असेल. मग का नाही आला?"

मी गाडी चालवत म्हटलं, "आपण आखातातली माणसं, आपल्याला काय विचारायचं त्यात? पहिल्या वर्षी गलबत मिळालं नसेल. दुसऱ्या वर्षी तोंड दाखवायची लाज वाटली असेल. तिसऱ्या वर्षी ही बाई झाली असेल."

"आईला काय सांगू?"

"खरं सांग. साठीला का होईना, तिला बहीण मिळतेय."

"तिने बहीण मागितली नव्हती रे. साल मागितलं होतं."

दुसऱ्या दिवशी पोस्टाजवळच्या बूथवरून त्याने फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. खुदेजाला शेजारच्या घरून बोलावून आणलं तोवर कार्डाचे आकडे पळत होते. तिने कसा आहेस विचारलं नाही. म्हणाली, "मिळालं?"

"मिळालं. वहीत लिहिलंय. इस्माईल, हिंदी, खलासी, तापाने मेला. वारस, बायको आणि एक मुलगी."

"साल?"

सिराजने माझ्याकडे बघितलं. मी मान नकारार्थी हलवली, जोरात. त्याने पाठ फिरवली आणि म्हणाला, "तू पोटात होतीस ना, तेच साल."

मला पलीकडचं ऐकू आलं नाही. सिराज नुसता "हो... हो, आई... लिहिलेलं आहे... हो, सांग सगळ्यांना" म्हणत होता. फोन ठेवला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती, आणि महिना जानेवारीचा होता.

पुढचं झरीनने फोनवर कळवलं. म्हातारी दुसऱ्याच सकाळी काठी टेकत बिलकीसच्या घरी गेली. बिलकीस ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाशी उभी राहून खुदेजा म्हणाली, "माझा बाप टाकून गेला नव्हता गे. मेला होता." मग घरी येऊन कुराणखानी ठेवली, मोहल्ला जेवायला घातला, बापाच्या आणि आईच्या नावाने दुवा मागितली. आईच्या कबरीवर जाऊन तासभर बसली. लोक म्हणत होते, खुदेजाबी दहा वर्षांनी तरुण दिसायला लागली.

मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, "गाढवा, एका सालासाठी तू खाला घालवलीस, कळतंय का?" त्याला कळत होतं. मोहल्ल्यातला ओवेस सूरला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होता, मशिदीत शुक्रवारी सगळ्यांना भेटायचा. सिराज दर जुम्म्याला त्या गल्लीत गेला असता तर महिन्याभरात बातमी खाडीपलीकडे माझ्या घरीसुद्धा पोचली असती. आणि वजीराला बहिणीशी बोलायचंच होतं, तिला गप कसं करणार? "आईने ऐंशीच्या बाईच्या उशाशी जाऊन सांगितलंय रे," तो म्हणाला. "आता तिला खोटं पाडू?" एका शुक्रवारी खाला मिळाली, दुसऱ्या शुक्रवारी खलास.

वजीराचे फोन मात्र माझ्या दुकानात येत राहिले. आधी दर गुरुवारी. सिराज कुठे आहे? ड्युटीवर. सिराज कधी येणार? इन्शाल्ला, पुढच्या जुम्म्याला. सिराज आजारी तर नाही? थोडा ताप आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं झालं होतं माझं. नंबर त्याने दिला आणि खोटं मी बोलत होतो. मग फोन महिन्याने यायला लागला. सिराज शुक्रवारी पुन्हा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागला होता, आणि आता तर सूरच्या त्या तीन दगडांपाशीही त्याला जाता येत नव्हतं.

नोव्हेंबरात रमजान ईद आली. सकाळी नमाज पढून, नवा शर्ट घालून सिराज माझ्या दुकानात आला. शेवयांचा डबा काउंटरवर ठेवला. मी झाकण उघडतोय तोच फोन वाजला.

"ईद मुबारक," वजीरा म्हणाली. "सिराज आहे?"

मी सिराजकडे बघितलं. त्याने हात जोडले आणि मान हलवली.

"तो हिंदला गेलाय, खाला," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मी पाच-सहा वर्षांची होते, तेव्हा बंदराला हिंदचं गलबत लागलं की अब्बा आतल्या खोलीत जाऊन बसायचे. मला दारात उभं करायचे. सांग, घरी नाहीत. मी सांगायचे. खलासी लोक माझ्या हातावर गूळ ठेवून परत जायचे. मला ते काम छान जमायचं, जनार्दन. तुला नाही जमत." मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "त्याला म्हणावं, मी रागावले नाही. ईदेचा जेवला का, तेवढं विचार." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" सिराजने विचारलं.

माझं डोकं फिरलं होतं. मी काही लपवलं नाही. ती बोलली ते शब्दाला शब्द त्याला सांगितलं, गुळासकट.

तो काउंटरला धरून उभा राहिला. बाहेर रुवीत लोक एकमेकांना गळाभेटी देत होते. तो म्हणाला, "नाना आत बसून काय करत असेल रे?"

"ते तूच सांग," मी म्हटलं, आणि त्याने तोंड फिरवलं.